ऑक्टोबर की मार्च

३ जून

प्रतिभाचा फोन. नेपाळचं नक्की झालंय. ऑक्टोबर की मार्च, एवढंच सांग, म्हणाली. आमच्या कॉलेजातल्या निवृत्त बायका, त्यातल्या काहींचे नवरे. काठमांडू, पोखरा, मग वर एका गावापर्यंत चालत. "तुम्ही दोघं धरून चालू ना गं?"

सांगते म्हटलं.

परवा माझी नोकरी संपली. शाल, नारळ, भाषणं. मोतीराम कार्यक्रमाला आला होता, मागच्या रांगेत बसला होता. लग्न झाल्यापासून तो एकच म्हणत आलाय — तू रिटायर हो, मग हिमालय. झाले आता.

४ जून

जेवताना विचारलं. (घरात मी त्याला अहो म्हणते. या वहीत मोतीराम.)

"ऑक्टोबर?" तो म्हणाला. "ऑक्टोबरात छाटणी."

"मग मार्च."

"मार्चात माल निघतो."

हे मला नवीन नाही. मखमलाबादेत द्राक्षबागवाल्याच्या घरात आले त्याच वर्षी कळलं होतं. एप्रिलला एक छाटणी, ऑक्टोबरला दुसरी, मधे डोळ्यात तेल घालून बसायचं, फेब्रुवारी-मार्चला काढणी. या घरात कॅलेंडर भिंतीवर नाही, वेलीवर आहे. लग्नं, बारशी, सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, सगळं तिला विचारून झालं.

पण मला वाटलं होतं, माझ्यासाठी एकदा वेगळं होईल.

"जुलै बघा ना मॅडम," तो म्हणाला. "जुलैत बाग मोकळी."

जुलैत तिकडे पाऊस. डोंगर दिसत नाहीत, रस्ते खचतात. त्याला हे माहीत आहे! एकदा जुलैतच नेलं होतं, दार्जिलिंगला. पोहोचल्यापासून निघेपर्यंत समोर पांढरी भिंत. हॉटेलवाला रोज सकाळी बोट दाखवायचा, कांचनजंगा वहाँ है. आम्ही वहाँ बघायचो. मोतीराम म्हणाला होता, पावसाळ्यात आपला त्र्यंबकही असाच दिसतो. सगळे हसले होते, मीही.

आज हसले नाही. ताट उचललं.

५ जून

सासूबाईंना कोणी सांगितलं माहीत नाही. त्यांना या वयातही ऐकू हवं तेच येतं, आणि हवं ते सगळं येतं.

"डोंगर बघायला येवढ्या लांब? दारात रामशेज हाय. ते काय बसकं हाय का?"

बर्फाचे डोंगर, आई, मी म्हटलं.

"बर्फ फ्रीजात हाय."

९ जून

दोन दिवस वाचत बसले. पुस्तकं, नकाशे, लोकांनी लिहिलेलं.

ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेर — हाच खरा काळ. पावसानं हवा धुतलेली. सकाळी शिखरं इतकी जवळ दिसतात की माणसं बोलायची थांबतात, असं एकानं लिहिलंय. थंडी सोसवणारी. डिसेंबर-जानेवारीत आकाश तसंच, पण उंचावर गोठवणारं. मार्चमध्ये गुरांस, म्हणजे तिकडचा ऱ्होडोडेंड्रॉन, फुलतो, आख्खी उतरण लाल. पण तेव्हा खाली शेतं आणि रानं पेटवतात. धूर साचतो, दुपारनंतर शिखरं जातात. कधी कधी सकाळीही दिसत नाहीत. मे तापलेला, ढगाळ. पुढे पाऊस.

म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर. यात मत नाही, हवा आहे.

कॉलेज रोडला मोमोजची गाडी लावणारा यादव मूळ पोखऱ्याजवळचा. त्याला विचारलं. "दशैं के बाद आना, मॅडम. उस टाइम पहाड़ नहाके बैठता है." दशैं म्हणजे आपला दसरा. मी तिथं उभ्या उभ्या दोन प्लेटी खाल्ल्या. आंघोळ करून बसलेला डोंगर! इतकी वर्षं मी मुलांना ऋतुवर्णनं शिकवली. एकाही कवितेत हे नव्हतं.

घरी येऊन हे मोतीरामला सांगितलं नाही. कशाला?

१५ जून

प्रतिभानं पुन्हा विचारलं. दोन गट झालेत, एक दिवाळीनंतर नोव्हेंबरात, एक मार्चअखेर — काहींना नातवंडांमुळे आधी जमत नाही. कुठल्यात घालू?

मोतीरामला शेवटचं विचारलं. तो ठिबकच्या नळ्या जोडत होता. मान वर न करता म्हणाला, "तू जा ना. प्रतिभाताई आहेत, ओळखीच्या बायका आहेत. मी कुठं अडवतो?"

अडवत नाही! म्हणजे परवानगी मिळाली. मला परवानगी नको होती. परवानगी मी माझ्या बापाकडेसुद्धा मागितली नाही. मला तो हवा होता, शेजारी उभा, थंडीनं कान लाल झालेला, काहीतरी फालतू बोलणारा. वचन त्यानं दिलं होतं, बागेनं नाही.

आणि मला चीड याचीच जास्त येते की मी हे त्याला म्हणू शकत नाही. म्हणते ते भलतंच. म्हटलं, "नळ्या काय उद्या जोडल्या असत्या तरी चाललं असतं."

"आज पाणी सोडायचंय," तो म्हणाला.

१६ जून

प्रतिभाला सांगितलं, माझं नाव सध्या कशातच नको.

२७ जून

मोतीराम सटाण्याला गेला होता, माझ्या भावाकडे. धनराजची बाग तिथं. काय काम होतं विचारलं तर, "असंच." बत्तीस वर्षांत हा माणूस माझ्या माहेरी असंच कधी गेला नाही. संध्याकाळी आला, गोणीभर कांदे घेऊन.

जेवताना मधेच — "मार्चात तिकडं काय दिसतं?"

"धूर," मी म्हटलं.

"फक्त धूर?"

"लाल फुलं असतात. आणि धूर."

"थंडी?"

"तुम्हाला काय करायचंय? मार्चात तुमचा माल निघतो."

त्यानं भाकरी मोडली. मग म्हणाला, "फुलं कसली?"

टोमणा होता की काय कळलं नाही. मी कांदे पसरायला उठले.

११ जुलै

पाऊस. बाग मोकळी. जुलै!

मोतीरामनं नवीन खूळ काढलंय. पहाटे चांभार लेण्यावर चढून येतो. पायऱ्या चढून वर, परत खाली. साखर वाढलीय म्हणतो. रिपोर्ट कुठाय विचारलं तर डॉक्टर तोंडीच बोलले. पाठदुखीनं स्कूटरला किक मारवत नाही आणि डोंगर चढतोय. ओले बूट ओसरीवर. मी रोज उचलून ठेवते आणि रोज चिडते.

२ ऑगस्ट

यावर्षी लवकर छाटायचं म्हणाला.

मला वाटलं सप्टेंबरअखेर. नाही. परवा!

हा माणूस आयुष्यभर सटाण्याच्या लवकर छाटणीला हसत आला. माझा भाऊ ऑगस्टात छाटतो, डिसेंबरात त्याची द्राक्षं बाजारात असतात, कुणाचीच नसतात तेव्हा. मोठा भाव मिळतो. मोतीराम दर वर्षी म्हणायचा, "धनराजचं ठीक आहे. तिकडं ढग येतात ते फक्त बघून जातात. आमच्याकडं ते मुक्कामाला येतात." आणि खरंच आहे ते. त्र्यंबकचा डोंगर ओलांडून पाऊस आला की पहिला आमच्यावर. कोवळ्या घडांवर पाणी पडलं की डावणी येते, बुरशी. काहीच उरत नाही. हे मखमलाबादेतलं शेंबडं पोरही सांगेल.

सासूबाई म्हणाल्या, "सटाण्याचा पाऊस सटाण्यात पडतो, मोतीराम."

तो म्हणाला, "बघू."

"आरं मग अर्धी छाट. अर्धी ठेव ऑक्टोबरला. एक गेली तर एक राहील."

"नाही. सगळीच."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. जणू हे मी माहेराहून बांधून आणलं.

४ ऑगस्ट

भागीबाई तिच्या बायका घेऊन आली, सुरगाण्याहून. दर वर्षी छाटणीला तीच येते, पण दसऱ्यानंतर. बांधावर उभी राहून तिनं आधी आभाळाकडे बघितलं, मग मोतीरामकडे.

"भाऊ, आमच्याकडं आजून भाताची लावणी चालू आहे. नि तुमी छाटता?"

"छाटा."

"निम्मी ना?"

"सगळी."

तिनं खांदे उडवले. कात्र्या चालू झाल्या. दुपारपर्यंत निम्मी बाग उघडी, नुसत्या काड्या. मी चहा घेऊन गेले तर भागीबाई हळूच म्हणाली, "बाई, भाऊंना बरं आहे ना?"

बरं आहे. भावाचं वेड लागलंय. साठी ओलांडल्यावर लागलं. ज्या ऑक्टोबरबद्दल मी बोलले त्या ऑक्टोबरात आता घडातले मणी वाटाण्याएवढे झालेले असतील, विरळणी, फवारण्या, माणूस तासभर घर सोडणार नाही. नोव्हेंबरही गेला. मला हिमालय नाही, त्याला डिसेंबरचा भाव. आणि सल्ला कुणाचा? माझ्या सख्ख्या भावाचा.

५ ऑगस्ट

धनराजचा फोन आला. उचलला नाही.

१७ ऑगस्ट

काड्यांना डोळे फुटले. बाग हिरवी दिसते. मोतीराम खुशीत. आज त्यानं स्वतः चहा केला, मलाही दिला, साखर विसरला.

हे नाव मी त्याला सांगितलं नव्हतं, तरी म्हणाला, "मॅडम, तुमचं ते गुरांस. ते आपल्या पळसासारखं असतं का?"

"नाही."

"मग?"

"पळसासारखं नसतं."

मी खोटं बोलत नव्हते. मला माहीतच नव्हतं. मी ते बघितलेलं नाही.

२९ ऑगस्ट

गणपती बसले. पाऊसही बसला.

५ सप्टेंबर

शिक्षक दिन. जुन्या मुलांचे फोन. मॅडम, आता काय करता? फिरता का? हो म्हटलं, ओसरी ते बाग.

पाऊस थांबत नाही. मोतीराम रात्रंदिवस फवारतो. ट्रॅक्टर चिखलात रुततो म्हणून पाठीवर पंप. पाठदुखी कुठे गेली? फवारलं की तासात धुऊन जातं. पुन्हा फवारतो. मी खिडकीतून बघते. दया येत नाही. वाटतं, ये म्हणावं तुझ्या डिसेंबरला.

हे लिहिलं ते बरोबर नाही. खोडत नाही.

१२ सप्टेंबर

घड फुलोऱ्यात. म्हणजे आता पाणी नको. आज धो धो.

पितृपक्ष आहे. सासूबाई म्हणतात, पितरं कोपली. मी म्हटलं, पितरांनी आयुष्यात कधी ऑगस्टात छाटली नव्हती.

१९ सप्टेंबर

गेली बाग.

पानाखाली पांढरं पीठ, घड तपकिरी. हात लावला की गळतात. मोतीराम एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जात होता, प्रत्येक वेलीला घड उलटून बघत. एखादा तरी. मी मागे मागे. सासूबाई काठी टेकत बांधावर आल्या. भागीबाईही होती, विरळणीसाठी बोलावलेली. तिला आता परतच जायचं होतं.

सासूबाई मला म्हणाल्या, "झालं माहेरचं मन भरून?"

मग मी बोलले. सगळ्यांसमोर. सासूबाईंना नाही, त्याला. म्हटलं, "हाव सुटली होती तुम्हाला. दुसरं काही नाही. अर्धी छाटा म्हणून तुमची आई सांगत होती, ही भागीबाई सांगत होती. अर्ध्यावर भागलं नसतं तुमचं."

त्याच्या हातात एक घड होता. त्यानं बोटांनी चोळला, नुसती देठं उरली.

"खरंय," तो म्हणाला. "अर्ध्यावर भागलं नसतं."

एवढंच. भांडला असता तर मी लगेच गप्प झाले असते. तो भांडला नाही. मी मग आणखी बोलत राहिले. दार्जिलिंग काढलं. रिटायर हो मग हिमालय, ते काढलं. भागीबाई चपला हातात घेऊन चिखलातून निघून गेली. सासूबाईसुद्धा गेल्या. त्यांना गप्प करायला मला एवढं बोलावं लागलं.

२० सप्टेंबर

धनराजचा फोन. तीन वेळा. त्याचे घड म्हणे चांगले आहेत. पाव्हण्यांकडून कळलं. असणारच. तिकडं ढग फक्त बघून जातात.

३ ऑक्टोबर

काल दसरा. दारात सोनं घेऊन आलेले लोक बागेकडे न बघता बोलत होते. यंदा पुन्हा छाटून उपयोग नाही, काडीत घड उरलेले नाहीत. एप्रिलपर्यंत झाडं जगवायची, झालं. खायला कमी पडणार नाही, माझी पेन्शन आहे. मोतीरामला तेच लागतंय असं सासूबाई म्हणतात. मला नाही वाटत. हा माणूस मी पैसे आणले म्हणून कधी लहान झाला नाही. दुसरंच काहीतरी आहे. सांगत नाही.

चांभार लेण्यावर जाणं बंद झालंय. बूट कोरडे, पलंगाखाली.

१२ ऑक्टोबर

आकाश धुतलेलं. रामशेजच्या कड्यावरची झुडपं मोजावीत इतकी स्पष्ट. यादवचा डोंगर आता आंघोळ करून बसला असेल.

प्रतिभाच्या नोव्हेंबर गटाची बांधाबांध चालू. लोकरीची टोपी घेऊ की मफलर, असले प्रश्न मला विचारते. मीही उत्तरं देते. टोपी घे. कान झाकले पाहिजेत.

१५ ऑक्टोबर

आज मोतीराम माझ्याजवळ येऊन बसला. मग म्हणाला, "बाग तर मोकळीच आहे. प्रतिभाताईंकडे दोन जागा असतील अजून. नोव्हेंबर चांगला म्हणतात ना तिकडं? जाऊन येऊ."

मी इतके महिने ज्या वाक्याची वाट बघितली ते हेच होतं. शब्दसुद्धा जवळपास हेच.

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "उरलेलं देताय?"

"तसं नाही."

"मग कसं? बाग असती तर म्हणाला असतात? पाऊस आला म्हणून मला डोंगर. पावसानं दिलेला मला नको. तुम्ही द्यायचा होता."

तो काहीतरी बोलणार होता. तोंड उघडलं होतं. मग म्हणाला, "बरं," आणि ठिबकची कळ बंद करायला गेला. ठिबक चालूच नव्हतं.

सासूबाई आतून म्हणाल्या, "घेतलं असतंस तर काय झालं असतं? मी काय मरत नाय चार-आठ दिवसांत."

नाही घेतलं. माझंही अर्ध्यावर भागत नाही.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

धनराज आला. त्याच्याशी न बोलता ओवाळायला घेतलं. त्यानं ताट धरलं. "ताई, भावना काही विषयच नही शे." डिसेंबरच्या भावासाठी हे केलंच नव्हतं म्हणे. जूनमध्ये दाजी आले ते एवढंच विचारायला — सगळा माल डिसेंबरात निघाला तर मार्च मोकळा मिळतो ना? धनराज म्हणाला, तुमच्याकडचा पाऊस बघता अर्धीच छाटा. "तर म्हणे, अर्धी ठेवली की मार्चात तिचीच काढणी." आणि ताईला सांगायचं नाही. दाजी म्हणाले, नुसतं सांगत आलो इतकी वर्षं, यावेळी तिकीटच हातात देतो.

मोतीराम बाहेर होता, रामशेजकडे तोंड करून. मी त्याच्याकडे गेले नाही. आधी फोन लावला. प्रतिभा, मार्चच्या गटात आमची दोन नावं घाल.

"मार्च? अगं, तूच म्हणालीस ना, धूर असतो. काही दिसायचं नाही."

असू दे, म्हटलं.